मनातलं माप

फितीला टोक नव्हतं. पितळेचं, नखाएवढं, गार टोक… पोटावर टेकलं की अंगावर बारीक काटा येतो आणि दोन मिनिटांत ते अंगाइतकंच कोमट होऊन जातं, ते या फितीला नव्हतंच. ही नुसती कागदाची, पांढरी, निळ्या आकड्यांची, एकदा वापरून टाकून द्यायची. नर्सने ती पाकिटातून ओढून काढली तेव्हा गोळीचा कागद सोडावा तसा आवाज झाला. तपासायला आलेल्या तिला उगाचच वाटून गेलं, की टोकच नसलेल्या फितीचं माप धरायचं तरी कुठून.

"कंबर किती?" नर्सने आधी विचारलं होतं. मान खाली, हातात पेन.

"बत्तीस," ती म्हणाली होती. आठवावं लागलंच नाही, आपलं नाव सांगावं तसं तोंडातून आलं. इतर बायका अशा वेळी छताकडे बघतात, हसतात, 'असेल बाई काहीतरी' म्हणतात. माझं तसं नाही. आई शिवणकाम करते. मला माझी सगळी मापं पाठ आहेत — खांदा, बाही, छाती, कंबर, अगदी मनगटसुद्धा.

नर्सने मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. हसली नाही, हे तिचे उपकार. "मोजू या तरी," म्हणाली. फीत पाठीमागून आली, बेंबीवर जुळली. "श्वास सोडा. पोट आत ओढू नका, ताई. हं. चौऱ्याण्णव."

"काय चौऱ्याण्णव?"

"सेंटिमीटर." नर्सने फीत उलटून पाहिली, मागच्या बाजूला इंच होते. "म्हणजे सदतीस."

तिने पुन्हा मोजायला लावलं. नर्सने मुकाट्याने मोजलं. सदतीसच. फीत कागदाची असली म्हणून आकडा थोडाच कागदाचा असतो… ती सदरा खाली ओढून स्टुलावर बसली, आणि मग तिच्या डोळ्यांसमोर आली ती आईच्या ओठांतली टाचणी.

घराची पुढची खोली म्हणजेच आईचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला आरसा, आणि आरशासमोर गिऱ्हाईक. बाई आरशासमोर उभी राहायची, हात थोडे लांब धरायची, आई फीत गुंडाळायची आणि मोठ्याने म्हणायची, "छत्तीस." फितीवर असायचे अडतीस. आई प्रत्येकीला दोन इंच कमी सांगायची, आयुष्यभर सांगत आली. 'छत्तीस' ऐकून बाईचा चेहरा उजळायचा, ती आरशात जरा वळून बघायची. आणि आई मनगटावरच्या उशीतून एक टाचणी काढून ओठांत धरायची. मग टेबलाशी जाऊन कापडावर खडूने खरा आकडा लिहीपर्यंत चकार शब्द बोलायची नाही. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर नुसती मान हलवायची. लहान असताना मी विचारलं होतं, टाचणी कशाला गं? तर म्हणाली, "तोंड उघडलं की आकडा सांडतो." आणि खोटं का बोलतेस विचारलं, तेव्हा तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "खोटं कुठे? कपडा मी खऱ्या मापाचाच शिवते की. आकडा काय अंगात घालायचाय?"

हे गुपित आपल्याला ठाऊक आहे याचा त्या वयात केवढा तोरा होता! गिऱ्हाइकं आरशाच्या त्या बाजूला. मी आणि आई या बाजूला. आई 'चौतीस' म्हणाली की मी टेबलाखालून, कापडाच्या चिंध्यांत बसल्या बसल्या, मनात छत्तीस म्हणायची. आई माझ्याकडे बघून डोळे बारीक करायची. आणि मी मोठी झाल्यावर माझी मापं ती घ्यायची, वर्षातून दोनदा तरी, नवं काही शिवायला घेतलं की — "उभी राहा गं, पिटू" — तेव्हा फीत, टोक, काटा, आणि मग, "बत्तीस. तशीच आहेस." आणि टाचणी… टाचणी होती का ओठांत? होती. असायचीच. सुताराच्या कानावर पेन्सिल असावी तशी आईच्या ओठांत टाचणी; ती काय बघायची गोष्ट आहे?

म्हणजे मीही आरशासमोरच उभी होते.

आणि गिऱ्हाइकांना दोन इंच. मला पाच.

"आत बोलावलंय," नर्स म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झालेली होती. नाक लाल, टेबलावर चुरगळलेल्या रुमालांचा ढीग, आणि पांढऱ्या कोटाचं दुसरं बटण गायब, तिथे दोरा लोंबत होता. तिची नजर सारखी त्या दोऱ्यावर जात होती. आईने पाहिला असता तर तपासायला आलेली असतानाही तिथल्या तिथे सुई काढली असती.

"हे बघा, हृदयाच्या मोठ्या नळ्या स्वच्छ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात पाहिलंच आपण. कुठे अडथळा नाही."

"मग दुखतं ते—"

"ते खरंच दुखतं."

एवढंच म्हणाल्या, नाक पुसता पुसता. आणि तिला एकदम रडू फुटलं. हसू येण्यासारखंच होतं ते — दुखतं म्हटल्यावर रडू, तेही आनंदाने. पण गेलं वर्षभर प्रत्येकाने तिला सांगितलं होतं, की हे पित्त आहे, हे दमणं आहे, हे वय आहे, चाळिशी उलटली की बायकांना असं व्हायचंच. एका डॉक्टरने तर तुम्हाला घरी कुणी बोलायला आहे का असं विचारलं होतं. दुखणं आपलं आणि खात्री लोकांची. हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं, की आपण उगाच बाऊ करतो. ही पहिली बाई, जी म्हणाली खरंच दुखतं.

डॉक्टरीणबाईंनी एक रुमाल तिच्यापुढे सरकवला आणि थांबल्या. मग सांगायला लागल्या, घाई न करता. मोठ्या नळ्यांना पुढे बारीक फाटे फुटतात, त्यांना आणखी बारीक, शेवटी केसाहूनही बारीक. त्या चित्रात येतच नाहीत. बसलेलं असताना त्यांचं भागतं. जिना चढलात, बसमागे धावलात, की हृदयाला जास्त रक्त लागतं, आणि तेव्हा त्या बारीक नळ्यांनी सैल व्हायला हवं. "तुमच्या होत नाहीत. म्हणजे होतात, पण पुरेशा नाही. परवा औषध देऊन तपासलं ना, त्यात तेच दिसलं."

"कशामुळे?"

"साखर जराशी वर आहे — मधुमेह नाही म्हणता येणार. दाब जरासा वर. रक्तातली चरबी जराशी वर. आणि कंबर. एकेक बघितलं तर कुणी बोटही दाखवणार नाही, सगळं काठावर. पण सगळं एकाच वेळी काठावर आलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी आपली चयापचयाचा घोळ म्हणते. मोठ्या नळ्यांना त्याचा पत्ताही नसतो, तोवर या बारीक नळ्या आखडायला लागलेल्या असतात."

"बऱ्या होतात?"

"तुमची सुरुवात आहे. सुरुवातीला ऐकतात कधी कधी. गोळ्या देते मी. पण कंबर उतरायला हवी, गोडधोड आणि तळलेलं आवरायला हवं, रोज चालायचं. हमी देत नाही." त्या शिंकल्या. "नाही केलंत तर मात्र ऐकणार नाहीत, ते सांगते. खरं म्हणजे कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हाच यायचं. बहुतेक जण तेव्हा जागे होतात. बटण लागत नाही, माणूस चिडतो, चार दिवस का होईना, धावतो तरी."

"माझे कपडे कधी घट्ट झालेच नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "असं कसं होईल?"

आईचं काय सांगणार, आणि कुठून.

"घरात कुणाला हृदयाचं काही?"

"नाही… माहीत नाही. बाबा गेले. तेव्हा गॅस म्हणाले होते."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. गॅस असं लिहिलं नसावं.

रस्त्यावर ऊन होतं. बाकड्यावर दोन म्हातारे एकच वर्तमानपत्र वाटून वाचत होते, एक आपलं पान संपवून दुसऱ्याचं संपायची वाट बघत होता. ती बससाठी थांबली आणि तिला बाबांचा कोट आठवला. आठवायला नको होता, पण तो काय विचारून येतो?

बाबा बसस्थानकाच्या तिकीटखिडकीवर बसायचे. दिवसभर बसून, संध्याकाळी घराचा चढ चढून यायचे, ते धापा टाकतच. दारात आल्या आल्या कोटाच्या कडा दोन्ही हातांनी ओढायचे आणि म्हणायचे, "अगं, हा कोट फार आवळतोय गं छातीत." आई म्हणायची, काढा. जेवणं होईतो ती शिवण उसवून, बगलेशी थोडं सोडून, नवी टीप मारून मोकळी. दुसऱ्या दिवशी बाबा कोट घालून हात वरखाली करून दाखवायचे, आता कसं मोकळं वाटतंय! पुन्हा दोन आठवड्यांनी तेच. पुन्हा आई उसवायची. बायको शिवणारी असली म्हणजे माणसाला भाग्यवान म्हणायचं — बाबा सगळ्यांना सांगायचे, आमच्याकडे तक्रार केली की रातोरात निकाल लागतो. शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची जेवढी माया ठेवलेली होती तेवढी सगळी संपली तेव्हा आईने दोन्ही बगलांखाली दुसऱ्या काळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या, अशा की कुणाला दिसू नयेत. आणि मग एका दुपारी बाबा लवकर परत आले, दुकानाच्या पायरीवर बसले, ते बसलेच. आई मशीनवर होती. तिला वाटलं, ऊन खातायत. ती उठून बाहेर आली तेव्हा कोटाची सगळी बटणं सोडलेली होती, वरपासून खालपर्यंत, आणि बाबांचा हात अजून कडेला धरून होता.

मी शाळेतून आले तेव्हा त्यांना आत आणलेलं होतं. आई त्यांच्या कोटाची बटणं लावत होती. एकेक करून, सावकाश. सहज लागत होती… ढिलाच झाला होता तो कोट.

आईच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही. जुन्या पडद्यांच्या पिशव्या होतात, पिशव्यांची फडकी होतात. तो कोट मात्र तसाच दाराच्या मागे खिळ्यावर आहे. आजवर कात्री लागलेली नाही त्याला.

बस आली.

ती जिथे काम करते ती जागा तिसऱ्या मजल्यावर. कवळ्या तयार करतात तिथे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाचा साचा करायचा, त्यात एकेक दात बसवायचा. बैठं काम, मान खाली, हातात तापवलेली बारीक सुरी, बाजूला चहा आणि बिस्किटांचा डबा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते आलंच — छातीच्या मधल्या हाडामागे, मुठीएवढं, कुणीतरी आतून कापडाला पीळ घालावा तसं. नेहमीप्रमाणे तिने पर्स उघडून किल्ली शोधल्याचं सोंग केलं. कठडा गार होता. पण आज पहिल्यांदाच तिला माहीत होतं आत काय चाललंय: केसाहून बारीक काहीतरी सैल व्हायला बघतंय, आणि होत नाही. बाहेरून सगळं सैल, वर्षानुवर्षं वेळच्या वेळी सैल केलेलं. पण तिथवर आईचा हात पोचला नव्हता.

"या, या. आज कुणाचे दात कुणाच्या घशात घालायचे?" दाढीवाला म्हणाला. तिच्याबरोबर काम करतो तो. रोज हेच विचारतो आणि रोज स्वतःच हसतो. आज तिच्या तोंडाकडे बघून हसू अर्धवट राहिलं. "काय म्हणाले डॉक्टर?"

"मोठ्या नळ्या स्वच्छ आहेत."

"मग झालं तर! पेढे—" आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून, "बरं, बिस्किटं तरी," असं म्हणून त्याने डबा पुढे केला. तिने डबा बंद करून परत त्याच्याकडे सरकवला. तो डब्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिला, मग प्लास्टर ढवळायला लागला.

कुणा आजोबांची खालची कवळी होती. दातांच्या छटांची पट्टी घेऊन ती खिडकीशी गेली. आजोबांनी सगळ्यात पांढरी छटा मागितली होती. सगळे तीच मागतात. आणि डॉक्टर फोन करून सांगतात, त्यांना हो म्हटलंय, पण तुम्ही दोन छटा खालची लावा, नाहीतर तोंडात चुना लावल्यासारखं दिसेल. इतकी वर्षं तिला याचं काही वाटलं नव्हतं, आज हात थांबला. सगळं जगच असं चाललेलं आहे की काय… मोठ्याने एक, मनात एक.

दुपारी ती स्वच्छतागृहात गेली, कडी लावली आणि पँटची कंबर उलटी करून उजेडात धरली. शिंपिणीची मुलगी, तिला शोधावं लागलं नाही. आत, शिवणीला समांतर, सुईच्या भोकांची एक जुनी ओळ होती. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत. प्रत्येक वेळी आईने इस्त्री फिरवून खूण मोडायचा प्रयत्न केला होता, पण भोकं राहतात. कापड विसरत नाही. आणि शेवटची टीप कापडाच्या अगदी काठावर आलेली होती. तिथून पुढे जायला जागाच नव्हती.

मला कधी दिसलं नाही हे. धुवायला टाकायची, इस्त्री करून कपाटात यायची, घातली की बसायची. मी म्हणायची, चाळिशीतही माझी पँट तीच आहे! सांगत फिरायची मी.

राग आला. इतका आला, की पँटची कडा तिने मुठीत चुरगळली. तुला माहीत होतं. जगात एकाच माणसाला माझं खरं माप माहीत होतं, आणि ती तू होतीस, आणि तू ओठांत टाचणी धरून बसलीस. दोन इंचांचे तीन झाले असतील, तीनाचे चार, तेव्हा तरी म्हणायचंस — पिटू, जरा बघ स्वतःकडे. पोटची पोर मी, गिऱ्हाईक नव्हते! बाबांच्या वेळी समजलं नाही, ठीक. पण बाबांच्या नंतरही?… आज विचारायचंच. घरी गेल्या गेल्या, बसायच्या आधी. ती पुन्हा पुन्हा मनात वाक्यं जुळवायला लागली, जरा कमी कडू, जरा जास्त कडू.

पण वाक्यं जुळवताना मध्येच एक संध्याकाळ घुसली. लग्न मोडून ती परत आली होती तेव्हाची. एक बॅग, एक पंखा. महिनोन्महिने ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खायची; पावावर साखर घालून, डब्यातलं काय मिळेल ते, चव नसायची, भूकही नसायची, फक्त तोंड चालू असलं की रडू येत नसे. नातेवाईक यायचे, डोक्यापासून पायापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, किती बदललीस गं. एका संध्याकाळी आईने आपणहून तिला आरशासमोर उभं केलं. फीत गुंडाळली. टोक गार लागलं. आरशात तिने पाहिलं नाही, आईच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. "बत्तीस," आई म्हणाली. "तशीच आहेस."

त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी झोपली होती. तशीच आहेस… त्या वर्षात तिच्याशी कुणी बोललेलं ते एकमेव बरं वाक्य होतं. खरा आकडा सांगितला असता तर? मी ऐकला असता? की तोही पावावर घालून खाल्ला असता?

तिने पँटची कडा आत दुमडली आणि कडी काढली. राग गेला नव्हता. त्याला नुसती बसायला जागा मिळत नव्हती.

संध्याकाळी ती बसमधून दोन थांबे आधी उतरली. चालायचं म्हणून नाही, घर लांब पडावं म्हणून. चढावर एकदा थांबली. दुकानाचा दिवा लागलेला होता. आत आरशासमोर एक जाडजूड बाई हात लांब धरून उभी होती, आणि आई तिच्याभोवती फीत फिरवत होती. आई आता बरीच वाकली आहे. फीत मागून पुढे आणायला तिला गिऱ्हाइकाला मिठी मारल्यासारखं करावं लागतं.

"चाळीस," आई मोठ्याने म्हणाली.

"हो का? मला वाटलं वाढले असेन," बाई म्हणाली, आणि आरशात जराशी वळली.

आईने उशीतून टाचणी काढून ओठांत धरली आणि टेबलाकडे निघाली. दाराशी ती दिसताच आईने डोळे बारीक केले, पूर्वीसारखे. सवयीने तिच्याही मनात आलं, बेचाळीस. आणि तिला भयंकर वाईट वाटलं, ते नेमकं कुणासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

बाई गेली. आईने दार लोटलं. दार लोटलं की त्याच्यामागचा कोट दिसतो.

"ये. बैस. किती उशीर!" आई म्हणाली. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

वाक्यं तयार होती. बसायच्या आधी म्हणायची होती, आणि ती उभीच होती. आई, कपडे आवळत नव्हते, मी आतून आवळत होते. एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. आई अडाणी नव्हे. तिला नळ्याबिळ्या समजावून सांगाव्या लागल्या नसत्या. 'जिना चढताना छातीत आवळतं' म्हटल्याबरोबर तिची मान वळली असती, दाराकडे. आणि मग त्या कोटाच्या बगलेतल्या पट्ट्या, ते नवऱ्याने हात वरखाली करून दाखवणं, ती सोडलेली बटणं… सगळी शिवण या म्हातारपणी एकदम उसवून तिच्या मांडीवर पडली असती. इतकी वर्षं तिने 'गॅस' या एका शब्दावर काढली आहेत. तो कुणी सांगितलेला कमी आकडा होता, कोण जाणे. पण ती त्याच्यावर जगली.

"काही विशेष नाही," मी म्हणाले. "मोठ्या नळ्या स्वच्छ आहेत."

"आणि ते दुखतं ते?"

"दमल्यामुळे. थोडं चालायला सांगितलंय. गोळ्या दिल्यात साध्या."

सहज आलं तोंडातून. आवाजसुद्धा आईसारखा आला, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, जरा मोठा, जरा मोकळा. आणि बोलून झाल्यावर ओठ आपोआप मिटले गेले, आत घट्ट काहीतरी धरल्यासारखे. तोंड उघडलं की सांडेल… अस्सं. असं असतं होय हे. हे असं ती बत्तीस म्हणून टेबलापर्यंत नेत होती, दर वेळी, एकटी, आणि मी परत आले त्या संध्याकाळी तर लिहायलाही कापड नव्हतं.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. खुर्चीवरचे कपडे उचलून तिने जागा केली. मग तिची नजर खाली गेली, शिवणारीची नजर, ती कधी सुट्टीवर जात नाही. "ती पँट काढून ठेव. कंबरेत खेचतेय. नवी पट्टी जोडून थोडी सोडते."

"राहू दे."

"दहा मिनिटांचं काम आहे. आवळतेय की."

"आवळू दे, आई."

आईचा हात कात्रीकडे गेला होता, तो टेबलावरच थांबला. या घरात असं कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. इथे ज्याला आवळायचं त्याला सोडून मिळायचं, मागायच्या आधी मिळायचं.

"आवळू दे?" आई म्हणाली. हळूच, स्वतःशी म्हटल्यासारखं.

मी हसून बघितलं. जमलं नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, खांदा, छाती, कंबर, पुन्हा छाती, माप घेताना बघते तशी. दाराकडे तिने मान वळवली नाही. इतकी वळवली नाही, की मला समजलं. सगळ्या जन्माचा तिचा धंदा हाच. कमी सांगितलेला आकडा ओळखायला तिला फीत कशाला लागते? मोठ्याने तिने माझं ऐकलं होतं, आणि आता ती मनात मिळवत होती. दोन, की पाच, की त्याहून जास्त, ते मला कळायला मार्ग नव्हता.

मग तिने मनगटावरच्या उशीतून एक टाचणी काढली आणि ओठांत धरली. टेबलावर कापड नव्हतं. हातात खडू नव्हता.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. जिना चढले नव्हते, धावले नव्हते, तरी छातीत ते आलंच. ते आलं की नुसतं रडू येत होतं, मला ठरवता येईना. राग शोधला, तो कुठे सापडला नाही. आईचा हात टेबलावर होता, मी त्याच्यावर माझा ठेवला. तिच्या बोटाला खडू लागलेला होता. आणि तोंड आधी कोण उघडतं, याची वाट बघत आम्ही दोघी बसून राहिलो.